वाटेचा दावा, वाट्याच्या कोर्टात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी जन्मभर त्याच पायरीवर पोट भरलं, तेव्हा ही म्हण मला आवडावी अशी कोणाची अपेक्षा नसेल. पण माझी तक्रार निराळी आहे. कुठली पायरी, ते म्हण सांगत नाही. आमच्या रत्नागिरीत त्या काळी हाकेच्या अंतरात इतकी कोर्टं आणि कचेऱ्या होत्या, की नवखा माणूस एकीची पायरी उतरून दुसरीची चढेपर्यंत त्याचा दिवस मावळायचा. आणि चुकीच्या पायरीवर चढलेल्याला कोणी हाकलूनही देत नसे. स्टँप घेत, नंबर देत, तारीख देत, आणि मग एक दिवस अगदी शांतपणे सांगत, हे आमच्याकडे चालत नाही.

मी सनद घेऊन गावी आलो तेव्हा विसाचं दशक संपत आलं होतं. शिक्षण पुण्याला झालं. तिथं पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यातल्या कोकणी हेलाला मुलं हसली, म्हणून मी तो हेल घासूनपुसून काढला. परतलो तेव्हा माझं मराठी छापील झालं होतं. आईनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलंन्, "तू पाहुण्यासारखा किती दिवस बोलणारायस?" मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. आपले कान आणि जीभ आता सुधारली आहेत, अशी माझी पक्की समजूत होती.

ज्या वयस्क वकिलांकडे मी उमेदवारी केली, ते मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकायला लावत. "अशील खरं बोलतो की खोटं, ते मागाहून. आधी हे ऐकायचा अखत्यार कोणाचा, ते बघा." मी कायद्याची कलमं म्हणून दाखवायला लागलो की ते हात वर करून थांबवत. "आमटीत मीठ कमी पडलं तर आजोबांकडे फिर्याद करून भागत नाही, आणि मुलीचं लग्न ठरवायचं तर स्वयंपाकीणबाईंना विचारून चालत नाही. दोघंही घरातली मोठी माणसं. पण ज्याचं त्याचं दार वेगळं."

दारं खरंच वेगळी होती. डोकं फुटलं, चोरी झाली, तर फौजदारी, म्हणजे मॅजिस्ट्रेट. जमीन, वारसा, वाटणी असलं काही असेल तर दिवाणी. दिवाणीत गेलात की दाव्याची किंमत विचारत, कारण ठरावीक रकमेपर्यंतचे दावे धाकट्या सबजज्जांकडे आणि त्यावरचे थोरल्यांकडे. मग जमीन कुठली ते विचारत. नाटे गावच्या माणसाचा बांध फुटला तर त्यानं राजापूर गाठायचं, दाभोळच्या माणसानं दापोली. जिल्ह्याचं गाव म्हणून रत्नागिरीला येऊन तो कितीही ओरडला तरी इथल्या सबजज्जाला ते ऐकायचा अधिकार नाही. मोठं गाव म्हणजे मोठा न्याय, अशी लोकांची समजूत असते, ती काढता काढता आमची अर्धी सकाळ जाई. निकाल पटला नाही तर जिल्हा जज्जाकडे अपील, आणि तिथूनही पुढं जायची खुमखुमी असेल तर आगबोटीत बसून मुंबईला हायकोर्ट.

या सगळ्या थोरामोठ्यांच्या आड एक लहानसं कोर्ट होतं, त्याकडे नवे वकील ढुंकून बघत नसत. ते मामलेदाराचं. मामलेदार सारा वसूल करणारा माणूस, पण कायद्यानं त्याच्या हातात न्यायाचाही एक तुकडा दिलेला होता. शेतजमिनीतून कोणी कोणाला दांडगाईनं काढलं, शेतीचं पाणी तोडलं, तिथं जायची वहिवाटीची वाट अडवली, तर सहा महिन्यांच्या आत त्याच्याकडे जायचं. तो मालक कोण ते विचारत नसे. कालपर्यंत वापर कोणाचा होता एवढंच विचारी, आणि तो वापर परत सुरू करून देई. मालकीचं भांडण मग खुशाल दिवाणीत पंधरा वर्षं भांडा. सहा महिन्यांवर एक दिवस झाला, की मात्र त्याचं दार बंद.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून तर पुढं जे झालं त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

फाल्गुन संपता संपता खाडीपलीकडून, भाट्याहून, एक बाई आली. तिशीची असेल. नवरा आगबोटीवर खलाशी, दोन-दोन वर्षं घरी येत नसे. वयस्क वकील त्या दिवशी जिल्हा कोर्टात गुंतले होते, म्हणून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "वकीलसायब, माजा वाट्येचा हक्क हाय. चुलतदिरानं मदी गडगा घातलान्."

गडगा म्हणजे नुसते दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत, एवढं मी विसरलो नव्हतो. दीर, भिंत आणि वाट्याचा हक्क. नवरा परमुलखात बघून दिरानं भावजयीचा वाटा गिळला. असले दावे मी पुस्तकांत पन्नास वाचले होते. ती पुढंही बरंच बोलली. विहिरीबद्दल काहीतरी, माडांच्या रोपांबद्दल काहीतरी, पोलीस पाटलाकडे गेले तर त्यानं मारामारी झाली का विचारून वाटेला लावलं, गावकऱ्यांनी नवरा येईपर्यंत थांब म्हणून सांगितलं, असं सगळं. मी मान डोलवत होतो, पण दावा मी पहिल्या वाक्यावरच रचायला घेतला होता.

संध्याकाळपर्यंत मजकूर तयार झाला. वाटणी आणि वाट्याचा कबजा मिळण्याचा दिवाणी दावा. मी तो माझ्या छापील मराठीत तिला खणखणीत वाचून दाखवला. 'वादीचा वाट्याचा हक्क प्रतिवादीने बुडविला' हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं. तिनं शांतपणे ऐकलं, "रोपां मरतायत, तेवडं लवकर करा," म्हणाली आणि अंगठा उठवला. दावा सबजज्जाच्या कोर्टात दाखल झाला. सहा आठवड्यांनंतरची तारीख पडली.

त्या तारखेला चुलतदीर आपल्या वकिलाला घेऊन हजर होता. त्याची कैफियत चार ओळींची होती. वाटणी बारा वर्षांपूर्वीच झाली आहे, हा पाहा वाटणीचा कागद. वादीचा वाटा वादीकडेच आहे. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या आंब्याच्या कलमांत गुरं शिरू नयेत म्हणून माझ्याच हद्दीत गडगा घातला. सबब दावा काढून टाकावा.

सबजज्जांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बाईला जवळ बोलावलं. "बाई, तुझा वाटा तुझ्याकडे आहे, असं हा म्हणतो. खरं का?"

"व्हय, हाय की."

"मग दावा कसला लावलास?"

"वाटा न्हवं सायब," ती म्हणाली. "वाट. पायांखालची वाट. हिरीवर जायची."

कोर्टात हशा पिकला. शिरस्तेदार तोंडावर कागद धरून हसला. समोरचे वकील हसले नाहीत, पण चष्मा पुसायला लागले, आणि ते मला जास्त लागलं. आमच्याकडे एकार असा जिभेवरून घसरत जातो, की वाटेचं वाट्येचं होतं. ज्या पोराच्या आईनं आणि आजीनं जन्मभर तेच उच्चार केले, त्या पोरानं ते पुण्याच्या कानांनी ऐकले आणि 'वाट्याचं' असं लिहून टाकलं. रत्नागिरीत जन्मून रत्नागिरीचं बोलणं न समजणारा मी पहिलाच वकील असेन.

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच उखडलो. "मी दावा वाचून दाखवला तेव्हा बोलली का नाहीस? वाट्याचा हक्क, वाट्याचा हक्क, असं चार वेळा वाचलं मी!"

ती जराही रागावली नाही. "मना वाटलां," ती म्हणाली, "कोर्टात वाट्येला वाटाच म्हनत असतील."

माझा राग तिथंच विझला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही क्वचितच वाटली. तिला मी तिथंच पायरीवर बसवलं आणि पहिल्यांदा सगळं नीट विचारलं.

विहीर दोघांची सामाईक. वाटणीत ती तशीच ठेवली होती. विहिरीवरून बाईच्या आगरात, म्हणजे खाडीकाठच्या माडांच्या बागेत, जायची वाट चुलतदिराच्या कलमांच्या कडेनं. आगरात सासूच्या वेळचे जुने माड होते आणि तीन वर्षांमागं तिनं स्वतः लावलेली अकरा रोपं. रोपांना पहिली काही वर्षं उन्हाळाभर पाणी लागतं. गडगा पडल्यापासून ती ओहोटीच्या वेळी खाली खाडीच्या चिखलातून वळसा घालून दोन-दोन कळश्या नेत होती. भरती आली की तेही बंद. नवऱ्याला तिनं पत्र घातलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं ते एवढंच, की रोपं जगव.

म्हणजे प्रश्न वाटणीचा नव्हता, मालकीचाही नव्हता. शेतीचं पाणी आणि तिथं जायची वाट. सरळसरळ मामलेदार. आणि मी तिला दिवाणीत नेऊन बसवलं होतं, ज्याची उन्हाळ्याची सुट्टी आठवड्यावर आली होती. सुट्टीनंतर कोर्ट उघडेपर्यंत पाऊस आला असता आणि रोपांना पाणी घालायची गरजच उरली नसती, कारण घालायला रोपं उरली नसती.

मी धावतच वयस्क वकिलांकडे गेलो. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "गडगा कधी घातलान्?"

"तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्याच कैफियतीत आहे."

त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, कॅलेंडर शेजारी धरलं आणि बोटांनी मोजत गेले. "सहा महिने भरायला चार दिवस आहेत. त्यातला एक रविवार."

चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेले दिवस पुष्कळदा मुदतीतून वजा मागता येतात, पण मी कोर्टच नव्हे, दावाच दुसरा लावला होता. ती पळवाट मला नव्हती. नव्यानं लावायची मुभा ठेवून दिवाणी दावा त्याच दिवशी काढून घेतला, आणि रात्र पडायच्या आत दुसरा लिहायला बसलो. या खेपेला बाईला एकेक वाक्य बोलायला लावलं आणि ती बोलली तसंच आधी उतरवून घेतलं. अडलेला प्रत्येक शब्द परत विचारला. मग ते मजकुरात बसवलं. वयस्क वकिलांनी वाचून एकच दुरुस्ती केली. "वाट पुढं नको. पाणी पुढं घ्या, शेतीचं पाणी. वाट त्याच्या मागून येऊ द्या. मामलेदाराचा हात पाण्याला धरून वाटेपर्यंत पोचतो."

तिसऱ्या दिवशी दावा मामलेदार कचेरीत दाखल झाला. एक दिवस शिल्लक ठेवून.

मामलेदार घाटावरचे होते. आमचं बोलणं त्यांना अर्धंही कळत नसे आणि त्याची त्यांना लाज नव्हती. गडगा म्हणजे काय, आगर म्हणजे काय, हे त्यांनी भर सुनावणीत विचारलं, दोनदा विचारलं, आणि लिहून घेतलं. मी ते बघत होतो. आपल्याला कळत नाही हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं बाईचं म्हणणं पंधरा मिनिटांत समजून घेतलं. मला सगळं कळतंय असं वाटत होतं, म्हणून मला सहा आठवडे लागले होते.

समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे अखत्याराचाच मुद्दा काढला, आणि तो मुद्दा चांगला होता. बाई विहिरीचं पाणी घरात प्यायला आणि रांधायला नेते. घरगुती पाणी म्हणजे शेतीचं पाणी नव्हे. ते भांडण असेल तर दिवाणीत जावं, मामलेदारांना इथं हात घालता येत नाही. मी उठून बोलायला लागलो तेव्हा माझा आवाज पूर्वीचाच, ठाम होता. लाज वाटली म्हणून वकिलानं आवाज खाली घेऊ नये, अशिलाला त्याचा काय उपयोग? मी म्हणालो, "साहेबांनी जागा पाहावी. आम्ही दोघे बोलतो त्यापेक्षा जागा जास्त खरं बोलेल."

पाचव्या दिवशी आम्ही सगळे होडीनं खाडी ओलांडून भाट्याला गेलो. मामलेदार, त्यांचा कारकून, दोघे वकील, दीर आणि बाई. ऊन मी म्हणत होतं. विहिरीपाशी जमीन जांभ्याची, उघडा कातळ. त्या लाल कातळावर माणसांच्या पायांनी एक वीतभर रुंदीची चाकोरी पडली होती, गुळगुळीत, हात फिरवला तर तुळतुळीत लागेल अशी. ती विहिरीपासून निघून सरळ गडग्याच्या पोटात शिरली होती. मामलेदार गडग्याला वळसा घालून पलीकडे गेले. चाकोरी पलीकडेही होती. ते तिच्या कडेकडेनं चालत राहिले आणि आम्ही त्यांच्या मागून.

वाटेत बाईचं घर लागलं. चाकोरी घराच्या मागच्या दाराकडे वळली नव्हती. ती घराला बगल देऊन खाली उतरली होती, थेट माडांत.

मामलेदारांनी वळून दिराला विचारलं, "प्यायचं पाणी घरात न्यायचं, तर ही माणसं इतकी वर्षं घर ओलांडून पुढं कशाला जात होती?"

 दीर वाईट माणूस नव्हता. गुरं शिरतात हे खरंच होतं, आणि नवरा जवळ नसलेली बाई कोर्टात जाणार नाही हा त्याचा हिशेब होता, एवढंच. त्याचे वकील चष्मा पुसायला लागले, आणि या वेळी मला ते फार बरं वाटलं.

निकाल चार दिवसांत झाला. पाण्याचा वापर पूर्ववत चालू द्यावा, वाटेला अडथळा करू नये. अपिलाची सोय या निकालाला नाही, हे मी दिराला स्वतः जाऊन सांगितलं, आणि मालकी सिद्ध करायची असेल तर दिवाणी सुट्टीनंतर उघडेल हेही सांगितलं. तो नुसतं "नको" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्याच हातानं गडगा एका बाजूनं उतरवला, कमरेवर कळशी घेतलेली बाई जाईल एवढा. गुरांसाठी तिथं आडव्या काठ्यांचं बेडं बसवलं, आणि ते रोज बंद करायचं बाईनं कबूल केलं. भांडण मिटलं.

त्या आठवड्यात मी मुद्दाम भाट्याला गेलो. खोटं कशाला बोलू, शाबासकी घ्यायला गेलो होतो. बाईनं मला आगरात नेलं. अकरापैकी सात रोपं हिरवी होती. चिखलातून वाहिलेल्या त्या कळश्यांवर ती जगली होती. उरलेली चार वाळून उभी होती, पात्या खाली पडलेल्या, हात लावला तर कुरकुरणाऱ्या.

त्या चारांपाशी उभी राहून तिनं विचारलं, "वकीलसायब, ह्येंचा दावा कंच्या कोर्टात?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. दोन महिन्यांत तिनं पाहिलं होतं की प्रत्येक गोष्टीचं एक कोर्ट असतं. तेव्हा ह्यांचंही असणार, असं तिला सरळ वाटलं होतं. आणि मीही सवयीनं मनात चालू झालो. नुकसानभरपाई, म्हणजे दिवाणी. किंमत थोडी, म्हणजे धाकटे सबजज्ज. जमीन भाट्याची, म्हणजे रत्नागिरीच. राहिला प्रतिवादी.

"ही कधी वाळली?" मी विचारलं.

"चैतात," ती म्हणाली. "तुमी तारीख घेतलीत ना, तवा हिरवीच व्हती."

चैत्रातच माझा तो खणखणीत दावा दिवाणीच्या कपाटात तारखेसाठी पडून होता. त्याच दिवसांत मामलेदार कचेरी उघडी होती आणि मी तिच्यावरून रोज जात-येत होतो.

"हा दावा दिरावर नाही," मी म्हणालो. "माझ्यावर आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आनि कोर्ट?"

"कोर्ट तूच, बाई."

ती हसेल असं मला वाटलं, पण ती हसली नाही. तिनं खरोखरच विचार केला. चारही रोपांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "पाऊस लागला की चार रोपां तुमी आनायची. खड्डं मी खनून ठेवीन. लावायची तुमी."

आषाढात मी चार रोपं घेऊन खाडी उतरलो. काळा डगला, हातात छत्री आणि पायांशी माडाची रोपं, असा वकील होडीत बघून नावाड्यानं गावभर बातमी केली. बाईनं गुडघाभर खोल खड्डे तयार ठेवले होते. मी चारही रोपं माझ्या हातानं लावली. तीन लागली, एक गेलं. त्या एकाबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही, पण पुढच्या पावसात मी न सांगता आणखी एक रोप घेऊन गेलो.